तुळजापूर ते मंगळवेढा: एका उताराची माती

तुळजापूर बालाघाटच्या पठाराच्या अगदी कडेला आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ६५० मीटर. तिथून दक्षिणेला घाट उतरून पंचेचाळीस किलोमीटरवर सोलापूर, उंची ४६० मीटरच्या आसपास. भवानीचे दर्शन घेऊन परतणारी बहुतेक मंडळी हा रस्ता मोटारीत तासाभरात संपवतात. मी तो या वेळी माती पाहण्यासाठी, जागोजागी थांबत उतरलो आणि सोलापुरावरून पुढे, भीमा ओलांडून मंगळवेढ्यापर्यंत गेलो. दिवस मुद्दाम जानेवारीअखेरचे निवडले होते. पावसाळा संपून तीन महिने उलटलेले असतात, ज्वारी हुरड्यावर असते आणि जमीन भेगाळू लागलेली असते. चिकणमातीचा स्वभाव ओळखायचा तर ती सुकत असताना पाहावी. सोबत मृदाशास्त्र शिकवणारा एक मित्र होता. त्याच्या पिशवीत मातीचे गिरमीट, हातोडी, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आणि मातीचा रंग जुळवून पाहायची मन्सेलची रंगपुस्तिका.

हा सगळा मुलूख पर्जन्यछायेतला. सह्याद्रीने अडवून उरलेला पाऊस इथे येतो, तो वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास, आणि तोही सलग नाही. जूनमध्ये एक झड, मग जुलै-ऑगस्टमध्ये मोठी उघडीप, आणि खरा जोर सप्टेंबरात. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रे इथे मृगापेक्षा जास्त महत्त्वाची. जमिनीतून आणि झाडांतून उडून जाऊ शकणारे पाणी पडणाऱ्या पावसाच्या कितीतरी पट असते, म्हणून भूगोलाच्या पुस्तकात हा प्रदेश निमशुष्क ठरतो. अशा ठिकाणी पाऊस किती पडला यापेक्षा पडलेला पाऊस जमिनीने किती धरून ठेवला, हा प्रश्न मोठा असतो. त्याचे उत्तर उतारावर तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरते.

घाटाच्या माथ्यावर, गावाबाहेरच्या माळावर आम्ही पहिल्यांदा उतरलो. माळ म्हणजे इथे अक्षरशः खडकावर घातलेला मातीचा पातळ थर. गिरमीट वीतभरही खाली जाईना. वरची माती तपकिरी, हातात घेतली की मुरमाचे खडे बोटांना टोचतात. कुसळी गवत वाळून पांढरे पडलेले, मधून मधून तरवड आणि बोरीची झुडपे. पाऊस पडला की या मातीत शिरलेले पाणी लगेच खडकाला लागते आणि उताराने चालते होते. शेतकरी हिला बरड म्हणतात. मृदाशास्त्राच्या अमेरिकी वर्गीकरणात हिचे नाव लिथिक उस्टॉर्थेंट. पन्नास सेंटीमीटरच्या आत कठीण खडक लागतो म्हणून लिथिक, आणि मातीचे थर अजून वेगळे झालेले नाहीत म्हणून ती एंटिसॉल गणातली. वर्गीकरणाच्या बारा गणांपैकी हा सर्वांत कमी घडलेल्या मातीचा गण.

ही माती इतकी पातळ आहे, कारण इथे माती तयार होण्याचा वेग आणि ती वाहून जाण्याचा वेग यांची शर्यत सतत दुसराच जिंकतो. उतार तीव्र, गवत तुरळक, आणि सप्टेंबरचा पाऊस पडतो तेव्हा जोरात पडतो. मोठे खडे जागेवर राहतात, बारीक कण निघून जातात. माळावर उभे राहून आपण जे पाहतो ते गाळून उरलेले आहे, आणि गाळून गेलेल्याचे काय झाले ते पुढच्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये दिसते.

घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडी म्हणजे उघडे पुस्तकच, पण मातीच्या अभ्यासकाने तिथे खडकच पाहावा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचे पठार बनले. या बेसॉल्टमध्ये दोन खनिजे प्रमुख आहेत, प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार आणि ऑजाइट. दोन्हींत कॅल्शियम, आणि ऑजाइटमध्ये मॅग्नेशियम, लोहही भरपूर. काही थर अखंड आणि टणक, विहीर खणणारे ज्याला काळा पाषाण म्हणतात तो. काही थर पोकळ्यांनी भरलेले, पोकळ्यांत पांढरी-गुलाबी स्फटिके, म्हणजे झिओलाइट. त्याला विहिरीवरची माणसे मांजऱ्या म्हणतात. हा मांजऱ्या लवकर कुजतो आणि त्याचा मुरूम होतो. या झिओलाइटांचे महत्त्व पुढे कळते. त्यांतले हेउलँडाइटसारखे कॅल्शियमयुक्त प्रकार मातीत हळूहळू कॅल्शियम सोडत राहतात, आणि ज्या काळ्या मातीत ते आहेत तिची घडण चोपण, म्हणजे पाणी मुरू न देणारी, होण्यापासून बरीचशी वाचते. दरडीत बोट घालून काढलेला तो पांढरा खडा खाली तीस किलोमीटरवरच्या शेतातल्या निचऱ्याशी बांधलेला आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

घाट संपला की उतार मंदावतो आणि शेते सुरू होतात. तामलवाडीच्या अलीकडे रस्त्यापासून थोडे आत एका शेतात शेततळ्याचा खड्डा नुकताच खणलेला होता. यंत्राने कापलेली उभी भिंत, दीड पुरुष उंचीची, वरपासून खालपर्यंत स्वच्छ. असा छेद फुकटात पाहायला मिळणे हे भाग्यच. शेताचे मालक, साठी उलटलेले, धोतर-टोपीतले, बांधावर बसले होते. त्यांना विचारून आम्ही खड्ड्यात उतरलो.

वरचा वीतभर थर नांगरटीचा, भुसभुशीत. त्याखाली हातभर गडद तपकिरी माती, टोकदार कोपऱ्यांच्या ढेकळांची. मग रंग फिकट होत गेला, पांढरे ठिपके दिसू लागले आणि सुमारे सत्तर सेंटीमीटरवर पिवळसर मुरूम लागला. मित्राने त्या पांढऱ्या ठिपक्यांवर आम्लाचे दोन थेंब टाकले. चर्र करून फेस आला. चुनखडी. पाऊस कमी असल्याने बेसॉल्टातून सुटलेले कॅल्शियम पार वाहून जात नाही, थोडे खाली उतरते आणि पाणी सुकले की तिथेच चुन्याच्या रूपात बसते. माती किती खोलवर ओली होते याची ती खूण आहे. त्याने थोडी माती ओली करून अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढली. तीन-चार सेंटीमीटरवर तुटली. पाच सेंटीमीटरच्या पुढे न तुटता गेली असती तर ती पक्की चिकणमाती, असा हाताने ओळखायचा ठोकताळा.

मी मालकांना विचारले, "मामा, या रानात काय घेता?"

"तूर, बाजरी, मधी कधी सूर्यफूल. ज्वारी न्हाय येत हितं चांगली. दोन हातावर मुरूम लागतोय. त्यो लिंब दिसतोय का, त्याच्या खाली गेलं की पाच-सहा हात काळीच. आमच्या भावाचं रान ते. त्याला शाळू फुकाट पिकतोय बगा."

तो लिंब आमच्यापासून फार तर तीनशे पावलांवर होता. एकाच कुटुंबाची वाटणी, पाऊस एकच, मूळ खडक एकच. वाटणी करणाऱ्यांनी क्षेत्र मोजले, माती मोजली नाही. उताराने मात्र दोन भावांना दोन वेगळ्या जमिनी दिल्या.

मामांच्या जमिनीचे शास्त्रीय नाव व्हर्टिक हॅप्लुस्टेप्ट लावता येईल, असे मित्राचे मत. म्हणजे मधल्या प्रतीची, अर्धवट घडलेली, पण फुगण्या-आकसण्याचे लक्षण दाखवणारी. गावाच्या भाषेत मध्यम. आणि इथे मला शेतकऱ्यांच्या वर्गीकरणाबद्दलचा आदर दुणावला. कोरडवाहू शेतीच्या शिफारशींत जमिनीची प्रतवारी खोलीवरून करतात. साडेसात सेंटीमीटरपेक्षा कमी ती अति उथळ, २२.५ पर्यंत उथळ, ४५ पर्यंत मध्यम, आणि पुढे मध्यम खोल, खोल. उथळ जमीन पिकाला उपयोगी पडेल असे जेमतेम ३०-३५ मिलीमीटर पाणी साठवते, मध्यम जमीन ४० ते ६५, आणि नव्वद सेंटीमीटरहून खोल काळी दीडशे मिलीमीटरच्या पुढे. ज्वारीचे रब्बी पीक पाऊस संपल्यावर चार महिने या साठ्यावरच उभे राहते. दोन हातावर मुरूम लागतो म्हणून ज्वारी येत नाही, हे मामांचे वाक्य म्हणजे हाच तक्ता, फक्त हाताच्या मापात.

लिंबाच्या खालच्या रानात गेलो. मामांचे भाऊ गावाला गेले होते, पण पुतण्याने हौसेने रान दाखवले. ज्वारी छातीच्या वर, कणसे भरलेली, आणि ओळींमधल्या जमिनीत भेगा. काही ठिकाणी तळहात उभा आत जाईल इतक्या रुंद. मी एका भेगेत काठी सोडली, ती कोपरभर आत गेली. इथे मित्राने गिरमीट घेतले. एक मीटरपर्यंत रंगात फरक नाही. पुस्तिकेत लावून पाहिला तर १०वायआर ३/१, अतिशय गडद राखाडी. इतका काळा रंग पाहून माणूस समजतो की यात सेंद्रिय पदार्थ भरपूर असणार. तसे नाही. सेंद्रिय कर्ब या जमिनींत बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो. पण तो थोडासाच कर्ब चिकण कणांशी इतका घट्ट बांधला जातो की साऱ्या मातीला गडद करतो. काळी म्हणजे कसदार हे समीकरण इथे खरे आहे, पण त्याचे कारण रंगात नाही, त्या कणांत आहे.

ते कण समजून घ्यायला हवेत. मातीत ०.००२ मिलीमीटरपेक्षा बारीक असतो तो चिकण कण. खोल काळ्या जमिनीत अशा कणांचे वजनी प्रमाण निम्म्याहून जास्त असते, काही ठिकाणी साठ टक्क्यांच्या पुढे. पण नुसते प्रमाण पुरेसे नाही. कोकणातल्या तांबड्या मातीतही चिकण कण भरपूर असतात, तरी ती अशी फाटत नाही, कारण तिथे केओलिनाइट जातीची खनिजे आहेत. त्यांचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी मध्ये शिरत नाही. इथल्या काळीत स्मेक्टाइट आहे. त्याचा एकेक पापुद्रा म्हणजे सिलिकाच्या दोन पत्र्यांमध्ये अॅल्युमिनाचा एक पत्रा, आणि असे पापुद्रे कागदांच्या सैल गठ्ठ्यासारखे एकावर एक बसलेले. कोरडे असताना दोन पापुद्र्यांची पुनरावृत्ती साधारण एक नॅनोमीटरवर होते. पाणी आत शिरले की हे अंतर दीड नॅनोमीटरच्या पुढे जाते. एका कणाची ही हालचाल नगण्य, पण एका हेक्टरात मीटरभर खोल असे अब्जावधी कण एकदम फुगतात आणि एकदम आकसतात, तेव्हा जमीन हलते.

त्याच पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि तो कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धरून ठेवतो. म्हणून ही माती खतही धरते आणि पाणीही. तिचा सामू आठच्या आसपास किंवा वर, आणि सगळ्या थरांत थोडीफार चुनखडी.

पुतण्याने आम्हाला शेताच्या कडेला, ओढ्यालगत नेले. पावसाळ्यात ओढ्याने काठ कापला होता आणि तिथे मला जे पाहायचे होते ते सापडले. सुमारे पाऊण मीटर खोलीवर मातीची ढेकळे पाचरीच्या आकाराची होती, आणि त्यांच्या बाजू तिरप्या, घोटून काढल्याप्रमाणे चकचकीत, त्यांवर बारीक समांतर रेघा. खालची माती फुगते तेव्हा वरच्या मातीच्या वजनामुळे तिला सरळ वर जाता येत नाही, शेजारीही तशीच फुगलेली माती. मग ती तिरकी घसरते आणि एका ढेकळावर दुसरे घासले जाते. वर्षानुवर्षे हेच. इंग्रजीत या पृष्ठांना स्लिकनसाइड म्हणतात, आपण घासपृष्ठे म्हणू. मी त्यांवरून हात फिरवला तेव्हा ती गार आणि गुळगुळीत लागली, आणि एवढ्या मऊ मातीत एवढा जोर असतो हे हाताला पटले.

याच पुराव्यावर या मातीचे स्वतंत्र गण म्हणून नाव ठरले आहे. १९६० साली अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणाने नव्या वर्गीकरणाचा मसुदा प्रसिद्ध केला तेव्हा व्हर्टिसॉल हा गण त्यात आला, आणि १९७५ च्या 'सॉइल टॅक्सॉनॉमी'त पक्का झाला. अटी साध्या आहेत. वरच्या पन्नास सेंटीमीटरमध्ये सर्व थरांत चिकण कण किमान तीस टक्के. पहिल्या मीटरच्या आत घासपृष्ठांचा किंवा पाचरी ढेकळांचा किमान २५ सेंटीमीटर जाड थर. आणि ठरावीक काळ उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा. या भेगा वर्षात एकूण नव्वद किंवा जास्त दिवस उघड्या राहिल्या तर माती उस्टर्ट उपगणात जाते, आणि दख्खनची बहुतेक खोल काळी तिथलीच, हॅप्लुस्टर्ट. पूर्वी याच जमिनींना रंगाच्या छटेवरून क्रोमुस्टर्ट, पेलुस्टर्ट अशी नावे होती. नंतरच्या आवृत्त्यांत ती काढून टाकली. ते योग्यच झाले. रंगापेक्षा हालचाल हे या मातीचे खरे लक्षण आहे, आणि वर्गीकरणाने मातीचे वागणे पकडावे, दिसणे नव्हे.

प्रयोगशाळेत हीच हालचाल मोजायलाही एक माप आहे. ओल्या मातीचा ठराविक तुकडा सुकवून त्याची लांबी किती कमी झाली ते पाहतात. प्रसरणाचा हा गुणांक ०.०६ च्या वर गेला की माती जोरात फुगणारी. घरे बांधणाऱ्यांना तो आकडा न मोजताही कळतो. काळ्या जमिनीवर उथळ पाया घातलेल्या भिंती कोपऱ्यातून तिरक्या फाटतात. रुरकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असे खांब विकसित केले, ते हालणाऱ्या थराच्या खाली जाऊन बसतात.

आता या उताराची सगळ्यात गंभीर गोष्ट. घाटातला बेसॉल्ट कुजतो आणि त्याची चिकणमाती होते, हे आपण शाळेत शिकलो. पण आज, सातशे मिलीमीटर पावसात, एवढी चिकणमाती तयार होते का? नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेत डी. के. पाल, तपस भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जमिनींतली खनिजे बारकाईने पाहिली. त्यांना आढळले की मातीतले प्लॅजिओक्लेजचे कण फारसे कुजलेले नाहीत. आजच्या कोरड्या हवेत ते कुजून इतका स्मेक्टाइट देतील अशी स्थितीच नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की ही चिकणमाती एका पूर्वीच्या, अधिक पावसाच्या काळात घडली, उताराने खाली आली, खोलगट भागांत साचली आणि नंतरच्या कोरड्या हवेत टिकून राहिली.

याचा अर्थ ध्यानात घेतला की बांधावर उभे राहून खाली बघताना मन अस्वस्थ होते. लिंबाखालची पाच-सहा हात काळी ही वारशाने आलेली ठेव आहे, तिच्यात भर पडत नाही. वरचे माळ जे गमावत आहेत ते त्यांना आजच्या हवामानात परत मिळणार नाही. आणि जी माती आता ओढ्यात उतरते ती बहुतेक शेतात थांबत नाही, ती तलावात, धरणात जाऊन बसते. सोलापूरच्या वेशीवर, याच तुळजापूर रस्त्यालगत, हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे, एकोणिसाव्या शतकातला. अशा जुन्या तलावांच्या पोटात डोंगरांची चिकणमाती थराथराने साठलेली असते. २०१७ साली राज्याने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू केली, तेव्हा लोकांनी हा गाळ ट्रॅक्टरने उलटा वर, मुरमाड रानांत नेला. मला ही योजना मनापासून पटते, कारण ती उताराचा हिशेब थोडा तरी मागे फिरवते. फक्त एक सांगावेसे वाटते. मुरमाड शेतात गाळ पसरला म्हणजे जमीन खोल होत नाही. दोन-तीन इंच गाळ पाणी धरण्याची शक्ती वाढवतो, पण वरचा बांध नीट नसेल तर तो पुढच्या सप्टेंबरात पुन्हा त्याच ओढ्यात जातो.

सोलापुरात आलो की कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे जुने घर लागते. १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला हे काम सुरू झाले, आणि १९३३ च्या सुमारास सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक इथे केंद्रे उभी राहिली. सोलापूरचे काम एन. व्ही. कानिटकरांच्या नावाशी जोडलेले आहे, त्यांचा 'ड्राय फार्मिंग इन इंडिया' हा ग्रंथ १९४४ चा. आज हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. त्या काळात मातीची धूप आणि ओल या दोन गोष्टी इथे शेताच्या पातळीवर मोजल्या गेल्या.

तेव्हाच्या मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि समपातळीवरचे बांध मोठ्या प्रमाणावर घातले गेले, दुष्काळात तर हाताला काम म्हणूनही. हलक्या आणि मध्यम जमिनीत या बांधांनी भले केले. खोल काळीत ते फसले. कारण आपण ओढ्याकाठी पाहिलेलेच. कोरड्या काळीवर पहिला पाऊस पडला की भेगांतून पाणी भराभर आत जाते, पण माती भिजून फुगली, भेगा मिटल्या, की मुरण्याचा वेग पडत पडत तासाला एक मिलीमीटरच्याही खाली येतो. मग समपातळीच्या बांधामागे पाणी तुंबते, पीक पिवळे पडते, आणि उन्हाळ्यात खुद्द बांधालाच भेग पडून तो पुढच्या वर्षी तिथून फुटतो. म्हणून खोल काळीसाठी थोडा ढाळ दिलेले बांध आणि जास्तीचे पाणी गवती नाल्यातून काढून देणे ही शिफारस झाली. एकाच उतारावर वर पाणी अडवायचे आणि खाली पाणी काढून द्यायचे, हे कळण्यासाठी माती ओळखावी लागते.

आणि इथेच आपल्या आजच्या व्यवस्थेत एक उणीव आहे. २०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असे बारा घटक असतात. खोली नसते, चिकण कणांचे प्रमाण नसते, चुनखडी किती खाली आहे ते नसते. राज्यभराचा मृदानकाशा १:२,५०,००० प्रमाणावरच्या सर्वेक्षणातून झाला, त्यात जमिनीवरचे अडीच किलोमीटर कागदावर एक सेंटीमीटर होतात. मामांचे रान, लिंब आणि भावाचे रान त्या नकाशात एका ठिपक्यात मावतात. अशी माहिती शेताला उपयोगी पडायची तर ती उतारावरून चालत, गिरमीट घेऊन, गावागावात गोळा करावी लागेल. त्याला फार मोठा खर्च नाही, शिकलेली माणसे आणि सवड हवी.

सोलापूर ओलांडून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. बेगमपूरला भीमा येते. पलीकडे माचणूर, ब्रह्मपुरी. औरंगजेबाची छावणी सतराव्या शतकाच्या अखेरीस काही वर्षे इथे होती. नदीच्या दोन्ही बाजूंना ऊस. उजनीचे पाणी आले आणि शतकानुशतके पावसावर जगलेल्या काळीला बारमाही ओल मिळाली. पीक आले, पैसा आला, हे मान्यच. पण निचरा मंद असलेल्या मातीला सतत पाणी दिले की ती चिबड होते, क्षार वर येतात, आणि काही ठिकाणी चोपण होते. त्यामागची क्रिया उलगडणारीही नागपूरचीच मंडळी. चुना घट्ट होऊन बसला की मातीच्या पाण्यातले कॅल्शियम कमी होते आणि चिकण कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. सोडियम कणांना एकत्र धरत नाही, उलट विस्कटून टाकते, आणि आधीच सावकाश मुरणारे पाणी मुरतच नाही. कोरड्या हवेत हे आपोआप, फार मंदगतीने होते. कालव्याच्या पाण्याने ते एका पिढीत होते.

मंगळवेढ्याची काळी मात्र मी आजवर पाहिलेल्यांपैकी सर्वांत देखणी. झाड नाही, बांध ठेंगणे, नजर जाईल तिथवर ज्वारी. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जात मालदांडी, तिची निवड जवळच्याच मोहोळच्या केंद्रात झाली, तिचे अधिकृत नाव एम ३५-१. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे लुटवली ती कथा याच गावची. कथेतल्या चमत्काराचे ज्याने त्याने ठरवावे, पण पंधराव्या शतकात दुष्काळी मुलखाच्या मधोमध लुटवण्याइतके धान्य एका गावी साठलेले असते, यामागे ही खोल माती आहे.

गावात शिरल्यावर माती बदलते. जुन्या घरांच्या छतांवर, म्हणजे माळवदांवर, पांढरी माती घातलेली. काळी कोणी घालत नाही, ती उन्हात फाटेल आणि पहिल्या पावसात घर गळेल. पांढरी भेगाळत नाही, दाबून बसवली की पाणी अडवते. म्हणून गावठाण पांढरीवर आणि शेत काळीवर. शतकानुशतके राख, शेण, पडझडीची माती साचून झालेली ही पांढरी, तेरसारख्या प्राचीन गावांची टेकाडेही तिचीच. राहण्याची माती आणि पिकण्याची माती यांतला फरक आपल्या लोकांनी घर बांधता बांधता शिकून ठेवला.

तिथे एका तरुण शेतकऱ्याशी बोलणे झाले. वडिलांच्या हातचे पाच एकर, सगळे खोल काळे. विहीर आहे, पण ज्वारीला पाणी देत नाही. "हिला पाणी द्यायचं न्हाय सर, हिची ओल जपायची. भेग पडली की ओल तितनं उडतीया. म्हून कोळपं." सप्टेंबरच्या शेवटी वाफसा येताच पेरणी, मग तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने पहिली कोळपणी, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने दुसरी, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने तिसरी. या तिसरीच्या वेळेपर्यंत जमीन तडकू लागलेली असते. कोळप्याने वरची दोन-तीन बोटे माती मोकळी होते, भेगांत पडते, त्या बुजतात, आणि खालच्या मीटरभर थरातले पाणी कणसापर्यंत पोचते. यंदा हस्ताचा पाऊस उणा पडला होता, म्हणून त्याने चौथी कोळपणीही घातली होती.